चारही लिंक हिरव्या, तरी स्टोरेज रांगतंय: स्विचवरच्या लिंक अ‍ॅग्रिगेशनचा बिघाड कसा शोधावा

स्टोरेजच्या नेटवर्कमध्ये लिंक अ‍ॅग्रिगेशन (अनेक तारा एकत्र करून एक दुवा बनवणं) बिघडलं की तक्रार त्या नावाने कधीच येत नाही. ‘व्हीएम (व्हर्च्युअल सर्व्हर) अधूनमधून अडकतात’, ‘बॅकअप सकाळपर्यंत संपत नाही’, ‘या सर्व्हरवरून शेअर उघडतो, शेजारच्यावरून उघडत नाही’ अशा भाषेत ती येते. आपण स्विचवर लॉगिन करतो, पोर्ट चॅनेल, म्हणजे तारांचा गट, अप दिसतो, आणि कळवून टाकतो की नेटवर्क ठीक आहे. स्टोरेजवाले म्हणतात, आमचंही ठीक आहे. दोघंही खोटं बोलत नसतात.

पोर्ट चॅनेल अप आहे याचा अर्थ, वेगळं काही ठरवून दिलेलं नसेल तर, निदान एक मेंबर पोर्ट (गटातली एक तार) चालू आहे. बाकीच्यांचं काय चाललंय, गट दोन्ही टोकांना तोच आहे का, ट्रॅफिक कुठल्या तारेवरून जातंय, यातलं काहीच त्या एका शब्दातून कळत नाही. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांमागे एकच सवय आहे: बंडलला एक वस्तू समजायचं नाही. प्रत्येक मेंबर वेगळा, प्रत्येक टोक वेगळं आणि प्रत्येक दिशा वेगळी तपासायची.

आधी नावांचा घोळ मिटवू, कारण निम्मे गैरसमज फोनवरच होतात. सिस्कोवाला ‘पोर्ट चॅनेल’ किंवा ‘इथरचॅनेल’ म्हणतो, लिनक्सवाला ‘बाँड’, काही स्टोरेजमध्ये ‘इंटरफेस ग्रुप’ असतो. एचपीच्या बऱ्याच स्विचवर याच गोष्टीला ‘ट्रंक’ म्हणतात, तर सिस्कोच्या भाषेत ट्रंक म्हणजे अनेक व्हीलॅन (एकाच तारेवरची वेगवेगळी आभासी नेटवर्क) वाहून नेणारा पोर्ट. समोरचा ‘ट्रंक केलाय’ म्हणाला तर नेमकं काय केलंय ते विचारून घ्या. मानक २००० साली ८०२.३एडी म्हणून आलं आणि २००८ मध्ये ८०२.१एएक्स या क्रमांकाखाली गेलं. मेनूंमध्ये अजूनही जुनाच आकडा दिसतो, दोन्ही एकच.

पायरी १: हात लावण्याआधी

पहिला मोह असतो केबल काढून परत लावायचा. तो आवरा. लिंक पुन्हा उठली की गट नव्याने जुळतो, लक्षण तात्पुरतं नाहीसं होतं, आणि तीन दिवसांनी तीच तक्रार परत येते. आधी दोन्ही टोकांची स्थिती फाइलमध्ये उतरवून घ्या: स्विचवर पोर्ट चॅनेलची समरी, एलएसीपीचे (गट जुळवण्यासाठी दोन टोकं आपसात बोलतात तो प्रोटोकॉल) शेजारी आणि काउंटर, प्रत्येक मेंबरचे एरर काउंटर, सर्व्हर किंवा स्टोरेजवर बाँडची सविस्तर स्थिती. वेळेची नोंद ठेवा.

मग केबलचा नकाशा खरा आहे का ते बघा. लेबलवर विश्वास ठेवू नका, एलएलडीपीला विचारा, म्हणजे शेजाऱ्याला ‘मी कोण’ सांगणाऱ्या प्रोटोकॉलला. ही घोषणा प्रत्येक फिजिकल पोर्टवरून स्वतंत्र निघते, त्यामुळे कुठल्या मेंबरच्या टोकाला कोण बसलंय ते गट न जुळलेला असतानाही कळतं.

स्टोरेजच्या बाबतीत इथेच सापडणारी एक हमखास चूक आहे. मीही ती केलेली आहे. स्टोरेजमध्ये दोन कंट्रोलर, प्रत्येकाला दोन पोर्ट. मी चारही केबल स्विचवर एकाच पोर्ट चॅनेलमध्ये टाकल्या, कारण ‘पेटी तर एकच आहे’. पेटी एकच असली तरी बहुतेक ड्युअल कंट्रोलर स्टोरेजमध्ये प्रत्येक कंट्रोलर एलएसीपीच्या नजरेत स्वतंत्र सिस्टिम असतो, त्याचा सिस्टिम आयडी वेगळा. स्विचने पहिल्या कंट्रोलरचे दोन पोर्ट गटात घेतले आणि उरलेले दोन सस्पेंड केले. सगळं छान चाललं, फेलओव्हर होईपर्यंत, म्हणजे काम दुसऱ्या कंट्रोलरवर जाईपर्यंत. दुरुस्ती सोपी होती: प्रत्येक कंट्रोलरला त्याचा स्वतःचा पोर्ट चॅनेल.

पायरी २: दोन्ही टोकांचा मोड

एलएसीपीत एक टोक अ‍ॅक्टिव्ह असलं की दुसरं अ‍ॅक्टिव्ह किंवा पॅसिव्ह काहीही चालतं. दोन्ही पॅसिव्ह असतील तर दोघं एकमेकांच्या बोलण्याची वाट बघत बसतात आणि गट जुळत नाही. स्टोरेजसाठी दोन्हीकडे अ‍ॅक्टिव्ह ठेवा. पॅसिव्ह ठेवून मिळत काहीच नाही.

खरा धोका स्टॅटिक मोडचा, म्हणजे ‘ऑन’चा. त्यात कोणी कोणाला काही विचारत नाही. स्विच ऑनवर आणि समोरच्या सर्व्हरवर बाँडच नाही, अशी स्थिती असेल तर स्विच त्या दोन तारांना एक समजून कुठल्याही तारेवर फ्रेम (डेटाचं एक पाकीट) टाकतो, आणि सर्व्हरच्या ज्या कार्डावर तो पत्ता नाही तिथे ती फुकट जाते. काही संवाद चालतात, काही अजिबात चालत नाहीत. उलट बाजूने, सर्व्हर स्टॅटिक बाँडवर आणि स्विचवर साधे सुटे पोर्ट असतील तर एकच मॅक पत्ता (कार्डाचा हार्डवेअर पत्ता) दोन पोर्टांवर आलटून पालटून दिसतो. लॉगमध्ये मॅक फ्लॅपचे संदेश भरभरून वाहत असतील तर आधी हेच तपासा.

व्हीएमवेअरवाल्यांनी लक्षात ठेवायची गोष्ट: स्टँडर्ड व्हीस्विचला (सर्व्हरच्या आतल्या सॉफ्टवेअर स्विचला) एलएसीपी येत नाही. तिथे ‘आयपी हॅश’ टीमिंग आणि समोर स्टॅटिक चॅनेल एवढीच जोडी जमते. एलएसीपी हवं असेल तर डिस्ट्रिब्युटेड स्विच लागतो.

पायरी ३: एलएसीपी काय बोलतंय ते वाचा

लिनक्सवर प्रोक खालच्या नेट/बाँडिंग फोल्डरमध्ये बाँडच्या नावाची फाइल असते. ती उघडली की प्रत्येक मेंबरखाली ‘पोर्ट स्टेट’ असा एक आकडा दिसतो, एकदा आपला आणि एकदा समोरच्याचा. बरेच जण तो ओलांडून पुढे जातात. सगळी कहाणी त्या आकड्यात असते.

तो आठ बिटांचा बनलेला आहे. १ म्हणजे अ‍ॅक्टिव्ह, २ म्हणजे छोटा टाइमआउट, ४ म्हणजे गटात यायला तयार, ८ म्हणजे जुळलं, १६ म्हणजे फ्रेम घेतोय, ३२ म्हणजे फ्रेम पाठवतोय, ६४ म्हणजे समोरून काहीच ऐकू येत नाही म्हणून डिफॉल्ट गृहीत धरलंय, १२८ म्हणजे मुदत संपली. आता बेरीज करा. १, ४, ८, १६, ३२ मिळून ६१. हा निरोगी पोर्ट. छोटा टाइमआउट धरला तर ६३. स्विच हेच सोळाच्या पायावर (हेक्साडेसिमलमध्ये) दाखवतो, तेव्हा ३डी किंवा ३एफ दिसेल.

६९ दिसलं तर फोड करा: ६४, ४ आणि १. पोर्ट हाका मारतोय, उत्तर नाही. सोबत पार्टनरचा मॅक पत्ता सगळा शून्य असेल तर समोर एलएसीपी चालूच नाही, किंवा त्याचे संदेश वाटेत गळतायत. नुसतं ५ दिसलं तर समोरचा ऐकू येतोय पण जुळत नाहीये. अशा वेळी ‘अ‍ॅग्रिगेटर आयडी’ बघा. एकाच बाँडच्या दोन मेंबरचे आयडी वेगळे असतील तर ते दोन वेगळ्या सिस्टिमना किंवा समोरच्या दोन वेगळ्या गटांना जोडलेले आहेत. लिनक्स त्यातला एकच गट वापरतो, दुसरा नुसता बसून राहतो. लिंकचा दिवा मात्र दोन्हीकडे हिरवाच.

स्विचवर एलएसीपी काउंटर बघताना ‘पाठवले’ वाढतायत आणि ‘मिळाले’ शून्यावर आहेत, असं असेल तर मधल्या उपकरणांकडे वळा. हे संदेश ०१-८०-सी२-००-००-०२ या मल्टिकास्ट पत्त्यावर जातात आणि नियमानुसार कुठलाही ब्रिज ते पुढे पाठवत नाही. मध्ये एखादा साधा स्विच किंवा भाड्याची लेयर २ सेवा असली की संदेश तिथेच गिळले जातात.

सिस्कोच्या समरीत प्रत्येक पोर्टपुढे एक अक्षर असतं. पी म्हणजे गटात, आय म्हणजे सुटा, एस म्हणजे सस्पेंड, डी म्हणजे डाउन. एस मोठा की छोटा ते नीट बघा, मोठ्या एसचा अर्थ निराळा आहे.

नेटवर्कवरून बूट होणारे सर्व्हर या पायरीत नेहमी फसतात. बूट रॉमला एलएसीपी येत नाही, स्विच पोर्ट सस्पेंड करतो, सर्व्हर बूट होत नाही. त्यासाठी बहुतेक स्विचवर फॉलबॅकची सोय असते, म्हणजे संदेश आले नाहीत तर पोर्ट सुटा चालू ठेवायचा.

पायरी ४: मेंबर एकसारखे आहेत का

हे पटकन उरकतं. वेग, डुप्लेक्स, व्हीलॅनची यादी, नेटिव्ह व्हीलॅन, एमटीयू (एका फ्रेममध्ये मावणारा कमाल डेटा) सगळ्या मेंबरवर सारखे हवेत. बदल करायचा तर पोर्ट चॅनेलवर करा, मेंबरवर नको. मेंबरवर केला की तो बाकीच्यांपासून वेगळा पडतो आणि स्विच त्याला बाहेर काढतो. २५ गिगाबिट असेल तर एफईसी (तारेवरच्या चुका दुरुस्त करणारी पद्धत) दोन्ही टोकांना सारखी आहे का बघा, नाहीतर लिंकच उठत नाही आणि माणूस मॉड्यूल बदलत बसतो. ‘मिनिमम लिंक’ची अट कोणी २ वर ठेवली असेल, तर दोनाच्या बंडलमधली एक तार गेल्यावर अख्खा गट खाली जातो.

पायरी ५: एका सडक्या तारेचा शोध

माझ्या अनुभवात सगळ्यांत जास्त वेळ खाणारा बिघाड हा. गट पूर्ण जुळलेला, स्टेट ६३, आणि तरी काही क्लायंट हळू. नेहमी तेच क्लायंट.

कारण असं: एलएसीपीचा संदेश अवघा १२८ बाइटचा. स्टोरेजची जंबो फ्रेम नऊ हजार बाइटच्या घरात, म्हणजे जवळपास सत्तरपट लांब. तारेवर अधूनमधून एखादा बिट बिघडत असेल तर लांब फ्रेमला फटका बसण्याची शक्यता त्याच प्रमाणात वाढते. छोटे संदेश सुखरूप पोचतात, एलएसीपी समाधानी राहतं, आणि डेटा मात्र सीआरसी (फ्रेम बिघडली का ते पकडणारा आकडा) जुळत नाही म्हणून गळत राहतो. चार तारांपैकी एक अशी असेल तर तिच्या वाट्याला आलेले संवादच कण्हतात, बाकीचे मजेत.

शोधायची रीत: सगळ्या मेंबरचे काउंटर शून्य करा, दहा मिनिटं नेहमीचा भार चालू द्या, मग बघा. एकूण आकडा कामाचा नाही, तो वर्षभरापूर्वीचा असू शकतो. दहा मिनिटांत किती वाढला ते महत्त्वाचं. दोन्ही टोकांना बघा, कारण सीआरसी एरर फ्रेम घेणाऱ्याकडे मोजला जातो. स्टोरेजकडून येणारी फ्रेम बिघडली तर स्विचवर दिसेल, स्विचकडून जाणारी बिघडली तर फक्त स्टोरेजवर. नंतर मॉड्यूलची ऑप्टिकल पॉवर शेजारच्या मेंबरशी ताडून पाहा. फायबरचं टोक पुसणं हा उपाय किरकोळ वाटतो, पण मॉड्यूल बदलण्याआधी तोच करा.

काउंटर स्वच्छ असूनही शंका राहिली तर संशयित मेंबर स्विचवरून शटडाउन करा, केबल न काढता. तक्रार थांबली तर तार सापडली. एकेक करून सगळे मेंबर असे तपासता येतात, मात्र उरलेल्यांवर भार पेलेल अशा वेळीच.

पिंगबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. एमटीयू ९००० असेल तर तुकडे न करण्याची अट घालून ८९७२ बाइटचा पिंग मारतात, आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ बाइट वजा करून. चाचणी चांगली आहे, पण दोन पत्त्यांमधला पिंग दरवेळी त्याच मेंबरवरून जातो. हजार पिंग यशस्वी झाले तरी तुम्ही एकच तार तपासलीत. वेगवेगळ्या क्लायंटवरून मारा.

पायरी ६: ट्रॅफिक कोणत्या तारेवर बसतंय

चार दहा गिगाबिटच्या तारा म्हणजे चाळीसचा पाइप, ही समजूत सोडावी लागते. एक संवाद एकाच तारेवर बसतो, कारण फ्रेमचा क्रम बिघडायला नको. कोणती तार ते हॅश, म्हणजे पत्त्यांवरून आकडा काढणारं सूत्र, ठरवतो. म्हणून एकाच मोठ्या फाइलची कॉपी दहाच्या पुढे जात नसेल तर तो बिघाड नव्हे.

हॅश कसा फसवतो ते जवळून बघू. सगळ्यांत साध्या पद्धतीत दोन्ही पत्त्यांच्या शेवटच्या आकड्यांचा एक्सऑर (बिटनिहाय तुलना: सारखे बिट ०, वेगळे १) करून त्याला तारांच्या संख्येने भागतात, उरलेली बाकी म्हणजे तार. समजा तारा दोन, स्टोरेजचा शेवटचा आकडा ५०, सर्व्हरचे १२, १४, १६, १८. एक्सऑर येतात ६२, ६०, ३४, ३२. सगळे सम, बाकी शून्य, चारही सर्व्हर पहिल्याच तारेवर. दुसरी तार रिकामी. पत्ते नीटनेटके दिले, एवढाच गुन्हा. स्टोरेजला ५१ हा दुसरा पत्ता देऊन निम्मे माउंट त्याच्यावर हलवले की दुसरी तार कामाला लागते. प्रत्यक्ष उपकरणं याहून जास्त घुसळण करतात, पण थोडेच पत्ते असले की तीही अशीच एका बाजूला झुकतात.

दुसरा सापळा राउटरचा. क्लायंट वेगळ्या सबनेटमध्ये असतील तर स्टोरेजकडे जाणाऱ्या प्रत्येक फ्रेमवर उगम म्हणून राउटरचाच मॅक असतो आणि गंतव्य स्टोरेजचा. हॅश लेयर २ वर (फक्त मॅक पत्त्यांवर) असेल तर दोनशे क्लायंटही एकाच तारेत. लिनक्स बाँडिंगचं डिफॉल्ट लेयर २ हेच आहे, म्हणून ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. लेयर २+३ (मॅक आणि आयपी पत्ते) किंवा ३+४ (आयपी पत्ते आणि पोर्ट क्रमांक) घ्या. ३+४ मध्ये तुकडे झालेल्या पॅकेटला पोर्ट क्रमांक नसतो, त्यामुळे क्रम बिघडू शकतो आणि ती पद्धत मानकाला पूर्णपणे धरून नाही. टीसीपीवरच्या एनएफएस (नेटवर्कवरून फाइल देणारं) आणि आयस्कझीला (नेटवर्कवरून डिस्क देणारं) त्याचा सहसा त्रास होत नाही.

आणि दिशा. पाठवणारा आपल्या बाजूचा हॅश स्वतः ठरवतो, समोरच्याशी त्यावर बोलणं होत नाही. स्टोरेजवर लिहिताना शेवटची उडी स्विचच्या हॅशवर असते, वाचताना पहिली उडी स्टोरेजच्या हॅशवर. ‘लिहिणं जोरात, वाचणं हळू’ अशी तक्रार असेल तर स्विचच्या सेटिंगशी झगडण्यात अर्थ नाही, स्टोरेजच्या बाजूची पद्धत बदला. प्रत्येक मेंबरचे आत येणारे आणि बाहेर जाणारे आकडे वेगळे लिहून काढले की हे पाच मिनिटांत दिसतं.

तीन तारांचं बंडल करणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं: काही स्विच हॅशचे आठच कप्पे करतात, त्यामुळे तिघांना वाटणी ३, ३, २ अशी होते. दोन, चार किंवा आठ घ्या.

एकाच सर्व्हरला एका तारेपेक्षा जास्त हवं असेल तर संवादांची संख्या वाढवावी लागते. लिनक्सच्या एनएफएसमध्ये कर्नल ५.३ पासून एनकनेक्ट (एका माउंटसाठी अनेक जोडण्या) आहे, एसएमबी ३ (विंडोजची फाइल शेअरिंग पद्धत) मध्ये मल्टिचॅनेल. मात्र एनकनेक्टच्या जोडण्यांमध्ये फरक फक्त सोर्स पोर्टचा असतो. हॅश पोर्ट बघत नसेल तर आठ जोडण्याही एकाच तारेवर चढतील.

पायरी ७: दोन स्विचवर पसरलेला गट

गट दोन स्विचमध्ये विभागायचा तर त्या स्विचना एमलॅग किंवा व्हीपीसीने (दोन स्विचवर मिळून एक गट करण्याची सोय, व्हीपीसी हे सिस्कोचं नाव) समोरच्यापुढे एक सिस्टिम असल्याचं सोंग आणावं लागतं. सर्व्हरवरून दोन्ही मेंबरना पार्टनरचा मॅक तोच दिसतोय का, एवढं तपासलं तरी बरंच कळतं. सिस्कोच्या व्हीपीसीत तो ००:२३:०४:ईई:बीई ने सुरू होतो आणि पुढे डोमेन क्रमांक येतो. म्हणूनच दोन व्हीपीसी जोड्या एकमेकींना जोडताना दोघींचा डोमेन क्रमांक सारखा ठेवला की घोटाळा होतो. त्यानंतर पीअर लिंक (दोन स्विचमधला दुवा), कीप अलाइव्ह (दुसरा जिवंत आहे का याची खूण) आणि दोन्ही स्विचची कन्सिस्टन्सी तपासणी बघा.

पायरी ८: वेळेची गणितं

एलएसीपीच्या संथ गतीत संदेश दर ३० सेकंदांनी येतो आणि ९० सेकंदांनी मुदत संपते. जलद गतीत १ आणि ३ सेकंद. आता लिनक्समध्ये स्कझी डिस्कच्या कमांडचा डिफॉल्ट टाइमआउट ३० सेकंद. समोरचा पोर्ट आतून मेला पण लिंकचा दिवा चालूच राहिला, मध्ये मीडिया कन्व्हर्टर असला की असं होतंच, तर संथ गतीत गट त्या तारेवर दीड मिनिट फ्रेम ओतत राहतो. तोवर डिस्कने तक्रार करून फाइल सिस्टिम रीड ओन्लीही होऊन बसते. स्टोरेजच्या पोर्टवर जलद गती ठेवा, आणि दोन्ही टोकांना ठेवा: हे सेटिंग म्हणजे ‘तू मला किती वेळाने पाठव’ अशी समोरच्याला केलेली मागणी आहे, आपण किती वेळाने पाठवू ते नव्हे.

जुन्या स्पॅनिंग ट्रीत (नेटवर्कमधली वर्तुळं टाळणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये) पोर्टला फॉरवर्डिंगला यायला १५ अधिक १५ सेकंद लागतात. स्टोरेजचे आणि सर्व्हरचे पोर्ट एज (शेवटचं उपकरण जोडलेले) म्हणून नोंदवलेले नसतील तर गट नव्याने उठताना तीच तीस सेकंदांची रेषा पुन्हा गाठली जाते.

आयस्कझी आणि फायबर चॅनेल

आयस्कझीसाठी मी लॅग (म्हणजे हाच तारांचा गट) सहसा करत नाही. दोन सुटे पोर्ट, दोन सबनेट आणि मल्टिपाथ (एकाच डिस्ककडे जाणाऱ्या अनेक वाटा सांभाळणारं सॉफ्टवेअर). मल्टिपाथला प्रत्येक वाट वेगळी दिसते, ती आजारी पडली की तो बाजूला काढतो. लॅगमागे त्या वाटा लपून जातात. व्हीएमवेअरमध्ये सॉफ्टवेअर आयस्कझीचं पोर्ट बाइंडिंग लॅगसोबत चालत नाही, तिथे निवडीचा प्रश्नच नाही.

फायबर चॅनेलमध्ये, म्हणजे स्टोरेजच्या स्वतंत्र नेटवर्कमध्ये, गट बहुतेक स्विच ते स्विच असतो. ब्रोकेडकडे ट्रंकिंग म्हणजे तारा एकत्र करणं, सिस्को एमडीएसवर ट्रंकिंग म्हणजे अनेक व्हीसॅन (आभासी स्टोरेज नेटवर्क) एका दुव्यावर. तारा एकत्र करण्याला तिथेही पोर्ट चॅनेलच म्हणतात. ब्रोकेडवर ट्रंक जुळत नसेल तर क्रमाने बघा: लायसन्स, पोर्ट एकाच पोर्ट ग्रुपमधले आहेत का, वेग सारखा आहे का, केबलच्या लांबीत मोठा फरक आहे का. ट्रंकशो आणि पोर्टएररशो या दोन कमांडमध्ये बहुतेक उत्तर मिळतं. इथरनेटसारखं ‘एक संवाद, एक तार’ इथे नसतं: ब्रोकेड ट्रंकमध्ये फ्रेमनिहाय वाटतो, एमडीएस एक्स्चेंजनिहाय, म्हणजे साधारण एका स्कझी कमांडनुसार. त्यामुळे सडकी तार इथे ठरावीक सर्व्हरला छळत नाही, सगळ्यांनाच थोडी थोडी छळते, आणि ‘कोणाला त्रास होतोय’ यावरून ती ओळखता येत नाही. थेट पोर्टनिहाय एरर बघावे लागतात.

दुरुस्तीनंतरची चाचणी

सेटिंग जुळली की लगेच तिकीट बंद करू नका. देखभालीच्या वेळेत स्टोरेजवर सतत लिहिणं आणि वाचणं चालू ठेवा आणि एकेक मेंबर पाडा: आधी स्विचवरून शटडाउन, मग प्रत्यक्ष केबल ओढून, मग एमलॅग असेल तर अख्खा एक स्विच बंद करून. प्रत्येक वेळी किती सेकंद थांबलं ते लिहा. पुन्हा जोडताना किती थांबलं तेही लिहा. बरेच जण फक्त पाडून बघतात, आणि रीबूट झालेला स्विच पोर्ट आधी वर आणतो पण ट्रॅफिक घ्यायला नंतर तयार होतो, तो झटका त्यांना खऱ्या दिवशी बसतो. बऱ्याच स्विचवर एमलॅगचे पोर्ट उशिरा उठवायचा डिले असतो. तो वाढवा आणि तेवढीच चाचणी पुन्हा करा.